म्युझिक हॉलची पोस्टकार्डं भिंतीवर: प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

जागा इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या लीड्स शहरातली. जुनं विटांचं घर, खाली लांबट बोळ, तिथून वर जाणारा सरळ जिना, वर लँडिंग. तिन्ही ठिकाणी एडवर्डियन काळातली (राजा सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०) म्युझिक हॉलची (गाणी, विनोद, नकला यांच्या ब्रिटिश रंगमंचाची) पोस्टकार्डं मोठी करून लावायची आहेत. मूळ कार्डं त्या घरच्यांच्याच संग्रहातली. त्यांतलं एकही भिंतीवर जाणार नाही. हाताने रंगवलेल्या गालांवरचा गुलाबी रंग उजेडात सर्वांत आधी उडतो आणि एकदा उडाला की परत आणता येत नाही.

आज फक्त छाननी. प्रत्येक कार्ड १० पट भिंगाखाली पाहिलं. कार्डावर कोण आहे यापेक्षा ते कसं छापलंय यावर पुढचं सगळं ठरतं: किती मोठं करायचं, कोणत्या कागदावर काढायचं, किती अंतरावरून बघायचं.

सात कार्डं खऱ्या फोटोची. ब्रोमाइड कागदावरचा चांदीचा फोटो, टिपका कुठेच नाही, करड्या छटा एकसंध उतरत जातात. सातही म्युझिक हॉलच्या कलाकारांची: व्हेस्टा टिली, मेरी लॉइड, लिटल टिच, हेटी किंग, जॉर्ज रोबी, हॅरी लॉडर आणि डॅन लेनो. रोटरी फोटोग्राफिक, बीगल्स, फिल्को अशा लंडनच्या प्रकाशकांनी असली कार्डं ढिगाने काढली. रोटरीकडे ब्रोमाइड कागदाच्या अखंड गुंडाळीवर यंत्राने फोटो उतरवले जात, त्यामुळे खरा फोटो थिएटरच्या वरच्या स्वस्त गॅलरीतल्या प्रेक्षकाच्याही खिशाला परवडू लागला.

चार कार्डं थिएटरांची, टिपक्यांच्या जाळीने केलेली रंगीत छपाई. लंडन हिपोड्रोम (१९००), हॅकनी एम्पायर (१९०१) आणि लंडन कोलिझियम (१९०४) ही तिन्ही वास्तुविशारद फ्रँक मॅचम यांची. चौथं लेस्टर स्क्वेअरचं अल्हाम्ब्रा. ते १९३६ साली पाडलं आणि त्या जागी ओडियन सिनेमा उभा राहिला. या चारांत अल्हाम्ब्राच्या कार्डाला आम्ही सर्वांत जास्त जपणार आहोत. बाकीच्या तिन्ही इमारती आजही जाऊन बघता येतात.

उरलेली तीन म्हणजे एकच संच: याच यॉर्कशरमधल्या होमफर्थ गावच्या बॅमफर्थ कंपनीची गाण्याची कार्डं. दर कार्डावर एक कडवं आणि ते कडवं स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभं केलेलं दृश्य.

संग्रहात यूजीन स्ट्रॅटन या गोऱ्या कलाकाराचं, कृष्णवर्णीयांची नक्कल करायला तोंडाला काळा रंग फासलेल्या वेशातलंही एक कार्ड आहे. तो म्युझिक हॉलच्या इतिहासाचा खरा भाग आहे आणि अल्बममध्ये, टिपणासकट, त्याची जागा आहे. येताजाता नजर पडेल अशा जिन्यावर मात्र ते शोभेची वस्तू म्हणून टांगणं आम्हाला मान्य नाही. ते बाजूला ठेवलं. भिंतीसाठी १४ कार्डं पक्की.

६ मार्च

काळ आणि हक्क यांची तपासणी.

काळ ठरवायला पाठीमागची बाजू जास्त बोलते. ब्रिटनमध्ये १९०२ पासून पाठ मधोमध विभागून डावीकडे मजकूर आणि उजवीकडे पत्ता लिहायची परवानगी मिळाली. त्याआधी पाठीवर फक्त पत्ता चाले, मजकूर चित्राच्या बाजूला कोंबावा लागे. आमच्याकडची सगळी विभागलेल्या पाठीची आहेत. देशांतर्गत पोस्टकार्डाचा दर ३ जून १९१८ ला अर्ध्या पेनीवरून एक पेनी झाला, म्हणजे अर्ध्या पेनीचं तिकीट लावून गेलेलं कार्ड बहुधा त्याआधीचं. टपालाच्या शिक्क्यावरून कार्ड कधी धाडलं ते कळतं, फोटो कधीचा ते नाही. डॅन लेनो १९०४ च्या ऑक्टोबरात वारले. त्यांच्या कार्डावर पुढचा शिक्का दिसला म्हणून फोटो पुढचा ठरत नाही.

हक्क: ब्रिटिश कायद्यानुसार छायाचित्रकार माहीत असेल तर त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षं, माहीत नसेल तर प्रकाशनापासून ७० वर्षं. कार्डाच्या तळाशी बारीक अक्षरांत स्टुडिओचं नाव असतं. ते नाव एका माणसाचं की भागीदारीतल्या दुकानाचं हे पाहावं लागतं. गाण्याच्या कार्डांवर छापलेलं कडवं ही वेगळी कृती आहे. गीतकार कधी वारला ते स्वतंत्रपणे तपासायचं, फोटो मोकळा आहे म्हणून शब्द मोकळे होत नाहीत. इथे फोटो आणि शब्द दोन्ही मोकळे निघाले. जुन्या सपाट चित्राच्या निव्वळ हुबेहूब स्कॅनला नवा हक्क मिळत नाही, हे २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने उचललेल्या कसोटीवरून स्पष्ट आहे; तरी दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून चित्र उतरवताना त्यांच्या अटी लागू होतात. हातात मूळ कार्ड असलं की हा प्रश्नच मिटतो.

पाठीवरचे पत्ते आणि निरोप खाजगी आहेत. पाठ ६०० पीपीआयने (इंचाला ६०० पिक्सेल) स्कॅन करून फक्त दप्तरी ठेवायची.

११ मार्च

साफसफाई आणि पहिलं स्कॅनिंग.

चित्राच्या बाजूला फक्त हवेचा फुगा आणि मऊ रुंद ब्रश. पाणी, थुंकी, काच पुसायचा द्रव, खोडरबर यातलं काहीही नको. खऱ्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो. ओल लागली की तो फुगतो, चिकट होतो, आणि सुकताना चकचकीतपणा जाऊन तिथे कायमचा मंद ठिपका राहतो. पाठीमागे अल्बमच्या काळ्या कागदाची काजळी होती, ती कोरड्या रबरी स्पंजने एकाच दिशेला हलकी झटकली. हातात नायट्राइलचे मोजे. सुती मोजे कार्डाच्या झिजलेल्या कोपऱ्यात अडकतात आणि कागदाचा पदर सोलतात.

थोडी बाक आलेली कार्डं स्कॅनरच्या झाकणाने दाबून सपाट करायचा मोह टाळायचा. शंभर वर्षांचं जिलेटिन ठिसूळ असतं, दाबलं की आडव्या केसासारख्या चिरा जातात. शिवाय चकचकीत पृष्ठभाग काचेला जेमतेम टेकला की रंगीत वलयं उमटतात. बाक असलेली कार्डं स्कॅनरवर घेतलीच नाहीत, ती कॅमेऱ्याखाली जातील.

बाकीच्यांसाठी मांडणी अशी: १२०० पीपीआय, १६ बिट, टिफ, धार वाढवण्याच्या आणि धूळ काढण्याच्या सगळ्या आपोआप सोयी बंद, शेजारी रंगतक्ता. कार्डाचं माप १४०×८९ मिमी, म्हणजे फाइल साधारण ६६१४×४२०५ पिक्सेलची, दीडशे एमबीच्या वर. यापुढे आकडा वाढवून फोटोतला तपशील वाढत नाही, कागदाचे तंतू आणि धूळ तेवढी जास्त येते.

जाळीच्या छपाईची कार्डंही १२०० लाच, पण कारण वेगळं. या कार्डांची जाळी इंचाला सुमारे १५० ओळींची आहे. ३०० पीपीआयने स्कॅन केलं तर एका टिपक्याच्या वाट्याला दोनच नमुने येतात. मग टिपक्यांची जाळी आणि पिक्सेलची जाळी एकमेकींवर चढतात आणि आकाशात लाटांचे पट्टे दिसू लागतात. १२०० ला एका टिपक्यावर आठ नमुने पडतात, टिपका गोल येतो, पट्टे येत नाहीत. हीच फाइल फोनवर छोटी करून पाहिली की पट्टे पुन्हा दिसतात, ते पडद्याचे असतात. म्हणून पसंतीसाठी छोटं चित्र पाठवताना त्याची वेगळी, हलकी धूसर केलेली प्रत पाठवायची. नाहीतर नसलेल्या दोषावर चर्चा सुरू होते.

१४ मार्च

टिली, रोबी आणि लेनो यांच्या कार्डांवर कडेने आणि गडद भागांत निळसर चकाकी आहे. कार्ड तिरपं धरलं की आरशासारखं चमकतं. हवेतल्या आणि अल्बमच्या पुठ्ठ्यातल्या वायूंमुळे फोटोतली चांदी विरघळून वर येते आणि पृष्ठभागावर पुन्हा धातू होऊन बसते. दमटपणात हे जोरात होतं. पुसून काढता येत नाही, आणि येत असतं तरी काढू नये, कारण ती चित्राचीच चांदी आहे. स्कॅनरमध्ये मात्र ती काळ्यावर राखाडी पदर होऊन येते आणि टिलीचा काळा कोट धुळकट दिसतो.

उपाय कॅमेऱ्याचा. खाली तोंड केलेला कॅमेरा, १०० मिमी मॅक्रो लेन्स, एफ/८, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर एलईडी दिवे. दोन्ही दिव्यांवर पोलराइज करणारी, म्हणजे उजेडाची कंपनं एकाच दिशेत ठेवणारी फिल्म, दोन्हीकडे तिची दिशा एकच. लेन्सवर गोल पोलराइजिंग फिल्टर, तो फिरवत न्यायचा आणि काळा सर्वांत काळा दिसेल तिथे थांबायचं. धातूवरून परतणारा उजेड आपली दिशा टिकवून येतो म्हणून फिल्टर त्याला अडवतो. कागदाच्या आतून विखरून आलेला उजेड दिशा विसरलेला असतो, तो आत येतो. निळसर पदर जवळजवळ पूर्ण गेला. उजेड बराच कमी होतो, त्यामुळे शटर सावकाश ठेवावा लागतो आणि स्टँड जराही हलता कामा नये. जिन्यावरून जड पावलं गेली तरी फोटो हलतो.

दिवे सारखे आहेत का ते आधी करड्या कार्डावर पाहून घ्यायचं: चार कोपरे आणि मध्य यांच्या ८ बिट आकड्यांत (० ते २५५) ३ पेक्षा जास्त फरक नको. ८२५६ पिक्सेल रुंदीच्या कॅमेऱ्याने १५० मिमी रुंदी टिपली की सुमारे १४०० पीपीआय मिळतात. पुरेसे.

मेरी लॉइड यांचं कार्ड सर्वांत नाजूक. त्यांच्या टोपीवर आणि गळ्यातल्या माळेवर काचेचा चुरा डिंकाने चिकटवलेला आहे. तेव्हा अशी चमकी लावलेली कार्डं आवडीने विकत घेत. हे कार्ड स्कॅनरच्या काचेवर ठेवलं तर काच ओरखडते आणि चुरा गळतो. कॅमेऱ्याखाली पोलराइज करून घेतलं तर चेहरा उत्तम येतो, पण चमकी मरते. टोपीवर मिरपूड सांडल्यासारखे काळे कण दिसतात. म्हणून कार्ड न हलवता दोन फोटो घेतले, एक फिल्टर लावून आणि एक फिल्टर काढून. दुसऱ्या फोटोतली चमक फक्त टोपी आणि माळ एवढ्याच भागात, मास्क लावून, तीस टक्क्यांपर्यंत मिसळली. त्याहून वाढवली की कणांभोवती पांढरी झाक येते.

१८ मार्च

मापं ठरली. कार्डाचं प्रमाण १.५७ आहे, ए मालिकेच्या कागदाचं १.४१. ए२ भरण्यासाठी चित्र कातरायचं नाही. कातरलं की पहिल्यांदा बळी जातो तो तळाचा पांढरा पट्टा, जिथे कलाकाराचं नाव, प्रकाशक आणि मालिकेचा क्रमांक असतो. तो पट्टा गेला की ते पोस्टकार्ड उरत नाही, नुसता एक जुना फोटो उरतो.

खऱ्या फोटोची सात कार्डं तिप्पट: २६७×४२० मिमी. चौपट करून पाहिलं, चेहरे मऊ पडतात. जिन्यावर माणूस चित्रापासून हातभर अंतरावर असतो, तिथे तिप्पटच योग्य.

थिएटरांची चार कार्डं चौपट: ५६०×३५६ मिमी, खालच्या बोळात. १५० ओळींची जाळी चौपट केली की दोन टिपक्यांमधलं अंतर ०.६८ मिमी होतं. साधारण चांगल्या नजरेला असे टिपके सव्वादोन मीटरपर्यंत सुटे दिसतात, त्यापुढे मिसळतात. बोळाच्या दारातून पहिल्या फ्रेमपर्यंत याहून जास्त अंतर आहे. दारातून इमारत दिसते, जवळ गेलं की लाल, निळे, पिवळे टिपके. हा बदल आम्हाला हवाच आहे. टिपके धूसर करून घालवले तर काहीच उरत नाही, कारण त्या कार्डात टिपक्यांखाली दुसरं चित्र नसतंच.

गाण्याची तीन कार्डं दुप्पट: १७८×२८० मिमी, एकाच फ्रेममध्ये तीन खिडक्या, लँडिंगवर. तिथे माणूस थांबतो, तीन कडवी ओळीने वाचता यायला हवीत.

मूळ मापाची प्रत कुणालाही, कितीही मागितली तरी द्यायची नाही. ती उद्या बाजारात मूळ म्हणून फिरू शकते.

२४ मार्च

दुरुस्ती. काय काढायचं आणि काय ठेवायचं याची यादी आधी भिंतीवर लावली, मग कामाला बसलो. धूळ, केस, जिलेटिनच्या चिरा, अल्बमच्या कोपऱ्यांचे वळ, मागून उमटलेला टपालाचा शिक्का: काढायचं. झिजलेले कोपरे, तळपट्टी, छपाईत रंग सरकलेला असेल तर तो सरक, फोटोवर तेव्हाच्या रंगाऱ्याने केलेलं ब्रशकाम: ठेवायचं. सगळं काम वेगळ्या लेअरवर, मूळ फाइलला हात नाही.

लिटल टिच यांच्या कार्डावर जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा होता. उंची ४ फूट ६ इंच, पायात २८ इंच लांबीचे बूट. बुटांच्या टोकांवर तोल सांभाळत ते पुढे झुकलेले आहेत. चित्राचा सगळा भार त्या दोन लांब काळ्या तळव्यांवर आहे, आणि नेमका तिथेच फोटो सर्वांत गडद. चामड्याच्या घडीवरची बारीक करडी रेघ दिसली तर बूट लांब दिसतात; ती बुडाली तर खाली नुसता काळा डाग पडतो आणि माणूस कशावर झुकलाय ते कळत नाही. उजळपणा बदलणारा कर्व्ह सगळ्या चित्राला न लावता फक्त बुटांना लावला, गडद टोकाला ४ ते ५ टक्के उचल. पार्श्वभूमी तशीच ठेवली.

हिपोड्रोमचं कार्ड ‘रात्रीचं दृश्य’ आहे. भिंगाखाली नीट पाहिलं तर ढगांतून चंद्र डोकावतो, खिडक्या पिवळ्या पेटलेल्या आहेत, आणि रस्त्यावरच्या घोडागाड्यांच्या सावल्या भर दुपारच्या. दिवसाच्या कृष्णधवल फोटोवर छापखान्यात निळा पदर चढवून अशी रात्र तयार करत. रंग कारागिराच्या मनचे असत, त्यांवरून इमारतीचा खरा रंग ठरवता येत नाही. सावल्या ‘सुधारायच्या’ नाहीत. ती त्या कारागिराची रात्र आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने चित्र वाढवणारी साधनं इथे वापरत नाही, आणि कारणं ठोस आहेत. फोटोच्या कणांना ती त्वचेची छिद्रं समजतात आणि डॅन लेनोंना आजच्या माणसाची कातडी चढवतात. लेसची जाळी एका साच्यात पुन्हा पुन्हा छापल्यासारखी होते. जाळीच्या छपाईत टिपक्यांचं कापड होतं. दर्शनी भागावरची बारीक अक्षरं तर अक्षरं राहतच नाहीत. तिप्पट-चौपट वाढीला साधी बायक्युबिक पद्धत (शेजारच्या पिक्सेलांवरून मधले भरणारी) पुरते. फोटोच्या कार्डांवर शेवटी किंचित कण घातले की मऊपणा नजरेला खटकत नाही.

२८ मार्च

चाचणी पट्ट्या. दहा शाईंचा ए२ पिगमेंट प्रिंटर. दर चित्रातला सर्वांत गडद, सर्वांत उजळ आणि त्वचेचा भाग येईल अशी १०×१५ सेंमीची पट्टी, तीन घनतांत.

कागद दोन. खऱ्या फोटोंना ३१५ ग्रॅमचा बरायटा (बेरियमचा थर असलेला फोटो कागद), कारण मूळ ब्रोमाइडसारखा खोल काळा चकचकीत थरावरच मिळतो. थिएटर आणि गाण्याच्या कार्डांना ३०८ ग्रॅमचा सुती कागद, मंद पृष्ठभाग. मंद कागदावर काळा उथळ येतो, फोटोचे गडद भाग त्यावर सपाट होतात. पण जाळीच्या छपाईचा मूळ काळाही उथळच होता, तिथे तो बरोबर बसतो. दोन्ही कागद कृत्रिम उजळके नसलेले घ्यायचे. उजळका असलेल्या कागदावर तपकिरी फोटो दिव्याखाली ठीक दिसतो आणि खिडकीच्या उजेडात निळा पडतो.

पिवळेपणाचा निर्णय. कार्डांच्या पांढऱ्या कडेचं मोजमाप घेतलं तर पिवळेपणाचा आकडा, रंग मोजण्याच्या ‘लॅब’ पद्धतीतला बी, १२ च्या आसपास येतो. तो पूर्ण काढला तर कार्ड काल छापल्यासारखं दिसतं; पूर्ण ठेवला तर पांढऱ्या माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीत) ते मळकं दिसतं. ७ वर थांबलो. त्वचेचे आणि हाताने लावलेले रंग याच प्रमाणात सरकतात, त्यांना वेगळं गडद करायचं नाही. उडालेला गुलाबी किती होता ते कुणी सांगू शकत नाही, मग अंदाजाने लाली भरायची कशाला?

पट्ट्या दोन उजेडांत पाहिल्या: ५००० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याखाली आणि प्रत्यक्ष जिन्यावरच्या २७०० केल्व्हिनच्या पिवळसर बल्बखाली. तपकिरी छटांची तीन कार्डं जिन्यावर तांबूस दिसतात. त्यांचा लाल किंचित खाली आणला. भिंत जिथली, उजेडही तिथलाच धरायचा.

३ एप्रिल

छपाई पूर्ण. बरायटावर ७ ताव, मंद कागदावर ५. गाण्याची तिन्ही कार्डं एका ए२ तावावर शेजारी शेजारी बसतात: १७८ मिमीची तीन आणि मध्ये १० मिमीच्या दोन फटी, मिळून ५५४, कागद ५९४ चा. दोन्ही कागदांची २५ तावांची खोकी घेतली होती, चाचण्या धरूनही उरले.

बरायटाच्या कडा थोड्या वर उचललेल्या असतील तर प्रिंटरचं डोकं घासून काळी रेघ पडते. ताव घालण्याआधी कडा उलट बाजूला हलक्या वाकवून घ्यायच्या आणि डोक्याचं अंतर एक पायरी वाढवायचं. कापूस असलेल्या मंद कागदावर सुटे तंतू असतात. ते छपाईनंतर गळले की खाली पांढरा ठिपका राहतो. छापण्याआधी ताव झटकून मऊ ब्रश फिरवायचा.

आता २४ तास उघड्यावर, मग साध्या कागदाच्या घड्यांत आणखी एक दिवस. शाईतला ग्लायकोल सावकाश बाहेर पडतो. घाईने फ्रेम बंद केली तर काही दिवसांनी काचेच्या आतल्या बाजूला धुरकट थर येतो आणि सगळी फ्रेम पुन्हा उघडावी लागते.

१० एप्रिल

माउंट आणि फ्रेम.

माउंटची खिडकी चित्रापेक्षा चारही बाजूंनी ५ मिमी मोठी कापली, चित्रावर चढवली नाही. त्यामुळे कार्डाची कड आणि झिजलेले कोपरे पूर्ण दिसतात. जिन्यावरच्या सात फ्रेमांचं आतलं माप ४००×५६०, खिडकी २७७×४३०: बाजूंना ६१.५, वर ६०, खाली ७०. खालची पट्टी थोडी जास्त ठेवली नाही तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. बोर्ड २ मिमी जाडीचा, शंभर टक्के सुती, ४५ अंशांचा काप. पातं दर दोन खिडक्यांनंतर बदललं. बोथट पातं कोपऱ्यात बोर्डाचा पदर फाडतं.

प्रिंट बोर्डाला चिकटवायची नाही. वरच्या कडेला जपानी टिश्यूच्या दोन पट्ट्या आणि गव्हाची खळ, बाकी तीन बाजू मोकळ्या. कागद हवेबरोबर फुगतो आणि आक्रसतो. चारही बाजूंनी बांधला की मध्ये लाटा येतात. खळ घट्ट असावी. पातळ खळीचं पाणी बरायटाच्या मागून पुढे उमटतं. दुहेरी चिकट टेप कधीच नको.

समोर काच नको, ३ मिमीचं यूव्ही अडवणारं ॲक्रिलिक. ४००×५६० च्या फ्रेमला त्याचं वजन ०.८ किलो, २ मिमी काचेचं १.१ किलो. पण वजनापेक्षा मोठं कारण जिन्याचं आहे: खांदा लागून फ्रेम पडली तर पायऱ्यांवर काचा नकोत. ॲक्रिलिक स्थिर विजेने धूळ ओढतं. संरक्षक फिल्म बंद करण्याच्या अगदी शेवटी काढायची आणि कोरडं फडकं फिरवायचं नाही. घासलं की धूळ वाढते.

लाकूड गडद रंगवलेलं, २० मिमी पट्टी. पाठीला कागदी टेपने सीलबंद, आणि आत-बाहेर दोन्हीकडे मजकूर: ‘पुनर्मुद्रण, २०२५’, वाढ किती पट, कागद, शाई.

१६ एप्रिल

टांगणी. जिन्याची पायरी १९० मिमी उंच, २४० मिमी खोल. दर दोन पायऱ्यांना एक फ्रेम, म्हणजे मध्यापासून मध्य आडवं ४८०, उभं ३८०. फ्रेमचं बाहेरचं माप ४३० रुंद, मध्ये ५० मिमी फट राहते. पहिल्या आणि शेवटच्या पायरीच्या नाकापासून १५०० मिमी वर खूण करून लाइनदोरी ताणली. सगळ्या फ्रेमांचे मध्य त्या दोरीवर. जुन्या घरात सगळ्या पायऱ्या सारख्या नसतात, म्हणून दर पायरीपासून वेगळं मोजायचं नाही. तसं मोजलं की ओळ हलते. दोरीच खरी.

भिंत विटांची, वर चुन्याचा जाड गिलावा, तो भुसभुशीत. ६ मिमीचं भोक, ड्रिलचा ठोका बंद ठेवून गिलाव्यातून जायचं, वीट लागल्यावरच ठोका चालू. प्लग गिलावा ओलांडून विटेत पोचायला हवा, ५० मिमी लांबीचा घेतला. भोकाच्या जागी आधी कागदी टेप लावली की गिलाव्याचा पापुद्रा सुटत नाही. दर फ्रेमला दोन हुक, पाणसळ लावून. एका हुकावर टांगलेली फ्रेम येणाऱ्या-जाणाऱ्याच्या धक्क्याने रोज तिरकी होते. जिन्याची भिंत बाहेरची असल्याने थंड आणि थोडी दमट. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना ६ मिमीचे रबरी ठोकळे लावले म्हणजे मागे हवा खेळते.

क्रम: खाली बोळात चार थिएटरं, कोलिझियम सर्वांत शेवटी, जिन्याच्या पायथ्याशी. त्यानंतरचं पहिलं कार्ड व्हेस्टा टिली यांचं, कारण १९२० मध्ये त्यांनी निरोप घेतला तो कोलिझियमच्याच रंगमंचावरून. टिलीशेजारी हेटी किंग. दोघीही पुरुषवेशात गाणाऱ्या. बालगंधर्व आपल्याकडे स्त्रीभूमिका गाजवत होते तो काळ आणि या दोघींचा ऐन भर एकाच सुमाराचा. कोटाची इस्त्री, छडी धरायची पद्धत, टोपीचा कल या बारकाव्यांत दोघी किती वेगळ्या आहेत ते शेजारी लावल्यावर दिसतं. टिलीचा उभा राहण्याचा ताठपणा किंगमध्ये नाही. पुढे लिटल टिच, रोबी, लॉडर, लेनो, आणि सर्वांत वर, लँडिंगच्या दिव्याखाली, मेरी लॉइड. १९१२ मध्ये राजापुढे झालेल्या म्युझिक हॉलच्या पहिल्या शाही कार्यक्रमात त्यांना बोलावलं नव्हतं. इथे त्या सर्वांत वर आहेत, हे ठरवून.

१७ एप्रिल

नावपट्ट्या लावल्या: नाव, जन्म-मृत्यूची सालं, छपाईचा प्रकार. थिएटरांखाली वास्तुविशारद आणि उघडल्याचं साल, अल्हाम्ब्राखाली पाडल्याचंही. छपाईचा प्रकार लिहिण्याचा आग्रह आमचा. ‘जाळीची रंगीत छपाई’ असं वाचलं की माणूस आपणहून जवळ येऊन टिपके बघतो.

मेरी लॉइड यांच्या फ्रेमवर लँडिंगच्या दिव्याचा गोल झगमगाट पडतो आणि चेहरा अर्धा झाकला जातो. दिवा १५ अंश भिंतीकडे वळवला तरी उरतो, कारण ॲक्रिलिक सपाट आहे आणि बघणारा वर चढत येतो. फ्रेमची वरची कड ८ मिमी पुढे आणली, वरच्या दोन कोपऱ्यांना जाड ठोकळे लावून. प्रतिबिंब आता पायऱ्यांकडे उतरतं, डोळ्यांत येत नाही. इतर फ्रेमांना गरज नाही.

मूळ कार्डं पॉलिएस्टरच्या पाकिटांत, आम्लमुक्त खोक्यात उभी ठेवून परत केली. चमकीचं कार्ड मात्र आडवं, वेगळ्या उथळ डबीत, वर काहीही न टेकवता. फाइलींच्या दोन प्रती: एक घरी, एक आमच्याकडे. उरलेल्या दोन बरायटा तावांवर टिली आणि टिच यांची एकेक जादा प्रिंट काढून सपाट फोल्डरमध्ये दिली आहे. जिन्याच्या खालच्या दोन-तीन फ्रेमांना धक्का लागण्याचा संभव जास्त, आणि तेव्हा तोच कागद बाजारात मिळेलच असं नाही.